उजव्या पायासाठी

आखातातल्या आमच्या शहरात, अल नहदा भागाकडे जाणाऱ्या बसच्या रांगेत माझ्यापुढे साठीचं एक मराठी जोडपं होतं. नवऱ्याच्या पाठीवर अकॉर्डियनची पेटी.

"आठ वर्षं त्या स्कॉटिश लोकांच्या नाचाला तुम्ही वाजवताय आणि मी खुर्चीत बसतेय. आज पहिल्यांदा कुणी मला हात धरून नाचायला उठवलं, तर तुम्ही वर बघितलंसुद्धा नाही."

"अगं, वाजवताना चेहरे नाही बघता येत. नाचणाऱ्यांच्या पायांवर नजर ठेवून टेम्पो धरावा लागतो."

"मग मी कशी नाचले, ते कुणाला विचारू?"

"मध्येच टेम्पो उतरला होता, कळलं तुला?"

"कळलं ना. तेव्हाच तर मला जमायला लागलं."

"बँडलीडर चिडला. सगळे मस्त नाचतायत, तू कुणासाठी स्लो वाजवतोयस, म्हणाला."

"कुणासाठी?"

"एका उजव्या पायासाठी. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तो जरा उशिरा पडतो."

तिचा हात आपल्या उजव्या गुडघ्यावर गेला.

"काय झालं?"

"काही नाही. त्याला काय सांगितलंत?"

"सॉरी, हात चुकला म्हटलं. यल्ला, चल, बस आली. तू आधी चढ, सावकाश."