सग्वारोची बोंडं

(जून संपत आलेला. सोनोराच्या वाळवंटात, सग्वारो निवडुंगांच्या रानात दोघी बहिणी. थोरली फिलोमेना, हातात उंचावरची फळं ओढायची लांब आकडी; धाकटी व्हर्ना.)

व्हर्ना : थांब ताई, तिथं बोंडच नाहीये.

फिलोमेना : आहे की. होले काय उगाच कलकलतायत?

व्हर्ना : होले पलीकडच्या फांदीवर आहेत. तू मघापासून नुसता खांब बडवतेयस.

फिलोमेना : आकडी जड झालीय यंदा.

व्हर्ना : आकडीला कशाला बोल लावतेस? इकडं बघ. माझ्या हातात काय आहे?

फिलोमेना : बादली.

व्हर्ना : टोपी आहे, ताई.

फिलोमेना : मग घाल की डोक्यावर. ऊन लागेल.

व्हर्ना : कधीपासून दिसत नाही?

फिलोमेना : दिसतं गं. उजेड दिसतो, सावली दिसते. सिप्रियानो होता तोवर खालून सांगायचा, जरा डावीकडं, हां, ओढ आता. नवरा गेला तो डोळेही घेऊन गेला मेला.

व्हर्ना : म्हणजे गेल्या उन्हाळ्यात तू एकटीच? चूल पेटवून, रस आटवत?

फिलोमेना : हाताला कळतं. खाली पडलेली वेचली, मुंग्यांशी भांडून.

व्हर्ना : आणि साप?

फिलोमेना : त्यांनाही मी दिसत नसेन.

व्हर्ना : हसू नकोस! शहरात माझ्याकडं खोली रिकामी आहे, गार आहे. दरवर्षी विचारते आणि दरवर्षी तुझं एकच, बोंडं कोण काढणार, त्यांच्या पाकाची दारू झाली नाही तर गावानं पावसाला बोलवायचं कसं. गावात दुसरं कुणी नाही का?

फिलोमेना : येते मी.

व्हर्ना : काय?

फिलोमेना : तुझ्याकडं. पाक झाला, गावात पोचवला, की येते. थकले गं. भांडायचंही त्राण नाही.

व्हर्ना : मला वाटलं, शिव्या देशील.

फिलोमेना : हव्या होत्या?

व्हर्ना : हो. दे ती आकडी इकडं.

फिलोमेना : हिसडा नको मारूस. माणसंच आहेत ही झाडं, आपल्यासारखी. म्हातारी.

व्हर्ना : पडलं! फुटलं बघ, लालभडक.

फिलोमेना : पहिलं आहे ना? गर खा, साल उताणी ठेव. लाल बाजू आभाळाकडं, पावसाला दिसेल अशी.

व्हर्ना : ठेवली. तू सावलीत बस बघू.

फिलोमेना : बसते.

व्हर्ना : (बऱ्याच वेळानं) ही बादली भरली, ताई. निघायचं?

फिलोमेना : अजून एक झाड कर. मला इथं जरा बसायचंय.