मेंडोलिनला नव्या चाव्या

कोंडू : पक्कड दे.

राकेश : बाबा, आता पक्कड लागत नाही. नव्या चाव्या आहेत. दोन बोटांत धरायची, फिरवायची, तार चढते.

कोंडू : आन पक्कड?

राकेश : तुमच्या मांडीखाली आहे. राहू द्या तिथेच. फिरवून तर बघा.

कोंडू : फिरली.

राकेश : कशी वाटली?

कोंडू : फिरली म्हणलं ना.

राकेश : सकाळपासून खपतोय मी. डोक्याकडच्या आठही चाव्या नव्या, त्यांच्यासाठी भोकं गोल कानशीने मोठी केली, खाली तारा अडकवायचा पत्रा नवा. आणि तुम्ही ‘फिरली’. पंख्याबद्दलसुद्धा तुम्ही एवढंच बोलता.

कोंडू : पंखा तरी कुठं वाईट हाय.

राकेश : या चाव्या कशा आल्यात माहितीय? पार्सल माझ्याच गोडाऊनला आलं. माझ्याच टेबलावर. वर माझं नाव, आपला पत्ता, माझा नंबर. सुपरवायझरला म्हटलं, सर, हे माझंच आहे, जाताना घेऊन जाऊ? म्हणाला, ड्युटीवर तू गिऱ्हाईक नाहीस. मग ते नाशिकला गेलं, नाशिकवरून फिरून भिवंडीला आलं, आणि डिलिव्हरीवाला दारात आला तेव्हा मी शिफ्टला. ‘गिऱ्हाईक घरी नाही’ असा शेरा मारून त्याने ते परत पाठवलं. कुठे? माझ्या टेबलावर.

कोंडू : मंग?

राकेश : मग काय. परत स्कॅन केलं.

कोंडू : घोडीला हात लावलास?

राकेश : नाही. तारांखालची घोडी तीच ठेवलीय, तुम्ही लूमच्या धोट्यातून कोरलेली. ते लाकूड आपल्या सगळ्यांना पुरून उरेल. बाबा, एक विचारू का? अनंताकाका गेल्यापासून वर्षभर तुम्ही म्हणताय, चाव्या गेल्यात म्हणून वाजवत नाही. आज त्यांचा पहिला स्मृतिदिन. संध्याकाळी दिघाशीला वाजवायचंय. चाव्या आता नव्या आहेत. दुसरं काही कारण असेल तर आत्ताच सांगा, त्यांची रिया पोचतेय.

कोंडू : कारण काय असायचं. वाजवीन की. बटन दाबलं की लूम चालतो तसा वाजवीन. कापड निघंल. पण मला काय वाटंल असं समजू नको. तो गेला तवाही काय वाटलं न्हाय. खांदा दिला, घरी आलो, भात खाल्ला.

राकेश : दोनदा वाढून घेतला होतात.

कोंडू : आमटी चांगली व्हती.

राकेश : बॅनरचं कळलं का?

कोंडू : कसला बॅनर?

राकेश : दिघाशीच्या फाट्यावर लागलाय. अनंताकाकांचा फोटो, शेजारी तुमचा. खाली ‘आवाज आणि मेंडोलिन’. फक्त फ्लेक्सवाल्याने दोन्ही फोटोंना हार घातलाय.

कोंडू : मला पण?

राकेश : तो म्हणतो, कॉम्प्युटर एकदा हार द्यायला लागला की थांबत नाही. सकाळपासून आईला फोन येतायत. दिघाशीची गुणाबाई तर रडायलाच लागली. आईने सांगितलं, अगं, ते घरात बसून कांदाभजी खातायत. गुणाबाई म्हणाली, असं होतं गं सुरुवातीला, दिसतं माणूस.

कोंडू : फोटो कुठला घेतलाय माझा?

राकेश : आधार कार्डावरचा.

कोंडू : मंग हार शोभंल.

रिया : काका, आले हं आत. दार उघडंच होतं.

राकेश : ये. लॅबमध्ये सकाळपासून लोकांचं रक्त काढलंस, आता आमचं काढ.

रिया : राक्या, तू गप. काका, बॅनरचं खरंच सॉरी. बाबांचा कार्यक्रम आणि हे असलं. मी स्वतः शिडी लावून तुमच्या हारावर पांढरी पट्टी चिकटवून आले.

राकेश : म्हणजे आता बाबांच्या मानेला प्लास्टर.

रिया : जिवंत तरी दिसतात!

कोंडू : बस पोरी. पाणी पी.

रिया : नको काका, टेम्पो येईल इतक्यात. राघोकाका ढोलकी घेऊन सकाळपासूनच तिथे जाऊन बसलेत. हे बघा, बाबांच्या शेवटच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग. तळ्याचं गाणं, ते स्वतः रचलेलं. माझ्या लॅबमधल्या मनोजने कुठल्याशा अ‍ॅपमधून वाद्यं सगळी काढून टाकली आणि नुसता बाबांचा आवाज ठेवलाय.

कोंडू : माझं वाजवणं काढलं?

रिया : तुम्ही समोर बसून वाजवणार ना, म्हणून. स्पीकरमधून बाबा गाणार, तुम्ही मेंडोलिनवर, राघोकाका ढोलकीवर. जशी तुमची पार्टी होती तशी. पण काका, स्पष्ट सांगते. तुमचं मन नसेल तर मी हे लावणारच नाही. नुसता स्पीकर मांडून बाबांना एकटं गाऊ देणार नाही मी. तुमच्याशिवाय ते आपल्या लोकांसमोर कधी उभे राहिलेले नाहीत.

कोंडू : लाव.

(रेकॉर्डिंग सुरू होते. कोंडू साथ धरतो. दोन कडवी होतात. तिसऱ्यात तो हात तारांवर ठेवून तारा मुक्या करतो.)

कोंडू : बंद कर. मेंडोलिन चढतंय.

राकेश : चढत नाहीये हो. तार ढिली पडते एक वेळ. आपोआप घट्ट कशी होईल?

कोंडू : चढतंय. पहिल्यांदा बरोबर बसलं व्हतं. मंग वर वर जात सुटलं.

रिया : मलापण तसंच वाटलं. राक्या, चाव्या उलट्या बसवल्यास का तू?

राकेश : उलट्या बसवल्या तरी कुणी फिरवल्याशिवाय फिरत नाहीत. आपोआप नाशिकला फक्त पार्सल जातं. थांबा, माझ्या फोनवर सूर दाखवणारं अ‍ॅप आहे. बाबा, सा लावा. पेटीच्या हिशेबात काळी दोन. आता तिसरं कडवं वाजवा आणि परत ‘सा’वर या. काळी दोन. शेवटची ओळ? काळी दोन. काटा ढिम्म हलत नाही. मेंडोलिन विजेच्या खांबासारखं उभं आहे.

रिया : मग माझ्या फोनची बॅटरी उतरली असेल.

राकेश : बॅटरी उतरली की फोन बंद पडतो, खालच्या पट्टीत गात नाही. लाव बरं काकांचा आवाज. सुरुवात काळी दोन. पुढे घे. जरा खाली. अजून पुढे. अजून खाली. शेवट लाव.

रिया : किती?

राकेश : पांढरी दोन.

रिया : म्हणजे काय?

राकेश : म्हणजे पेटीची एक अख्खी पट्टी काका खाली आले. चालू गाण्यात, कुणाला न सांगता.

रिया : माझे बाबा बेसूर होते?

कोंडू : जीभ सांभाळ पोरी. तालुक्यात तसा गळा न्हवता.

राकेश : बाबा, तो जुना पत्रा कशाचा होता? खालचा, तारा अडकवायचा?

कोंडू : गोड्या तेलाच्या डब्याचा. मीच कापला व्हता. तू जन्मायच्या आधी.

राकेश : तो वाकायचा. मी काढला तेव्हा पोळीसारखा मऊ झाला होता. गाणं सुरू झालं की ताणाने तो थोडा थोडा सरकायचा आणि आठही तारा एकदम उतरायच्या. गाणं संपल्यावर तुम्ही काय करायचात?

कोंडू : पकडीनं परत वर करायचो. तारा तापतात ना.

राकेश : तारा तापत नाहीत बाबा. तुम्ही प्रत्येक गाण्यात एक पट्टी खाली जायचात आणि अनंताकाका तुमच्याबरोबर यायचे. दोघं एकदम उतरत होतात, म्हणून समोरच्याला कळत नव्हतं.

कोंडू : मंग पेटीवाले?

राकेश : कुठले पेटीवाले?

कोंडू : आमच्या पार्टीत पेटीवाला टिकलाच न्हाय कवा. आम्ही सगळ्यांना म्हणायचो, तुझी पेटी चढते. एकाला तर जयंतीच्या भर कार्यक्रमातनं उठवला. बिचाऱ्यानं नवी पेटी आणली. ती पण चढली.

राकेश : तो आता काय करतो?

कोंडू : पेटी सोडली त्यानं. अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडांपाशी टॉवेल भाड्यानं देतो.

राकेश : एका पत्र्यापायी माणूस टॉवेलला लागला.

रिया : एक मिनिट. काका, आमच्या रूपाताईच्या लग्नात बाबा गायले होते. घरातल्या घरात, हळदीला. तुम्हाला ताप होता, तुम्ही आला नव्हतात. कीबोर्डवर कुणीतरी मुलगा होता. व्हिडिओ आहे माझ्याकडे. हेच गाणं.

कोंडू : मला ठावं न्हाय.

रिया : हा बघा. राक्या, धर तुझं अ‍ॅप.

राकेश : सुरुवात काळी दोन. मधे... काळी दोन. शेवटची ओळ काळी दोन.

रिया : केसभरसुद्धा नाही हलले.

कोंडू : परत लाव.

रिया : पहिल्यापासून?

कोंडू : शेवटचं. तेवढंच.

राकेश : काळी दोनच आहे बाबा.

कोंडू : म्हंजे त्याला ऐकू येत व्हतं.

रिया : हो काका.

कोंडू : माझं मेंडोलिन उतरतंय हे त्याला ऐकू येत व्हतं.

राकेश : येत असणारच.

कोंडू : आन त्या पेटीवाल्याला उठवला तवा? पेटी चढते, हे पहिल्यांदा अनंताच बोलला व्हता. माईकवर बोलला. मी नुसती मान हलवली.

राकेश : मग काय बोलणार होते? माईकवर तुमचं नाव घेणार होते?

कोंडू : घरी तरी बोलायचं. चहाला रोज यायचा. पत्रा बदल कोंडू, एवढंच बोलायचं. मी बदलला असता.

रिया : तुम्हाला वाईट वाटलं असतं.

कोंडू : वाटलं असतं तर वाटलं असतं.

रिया : काका, पंखा वाढवू का? पाणी देऊ?

कोंडू : काय झालं न्हाय मला. खरंच न्हाय. टेम्पो कवा येतोय?

राकेश : येईल. जुना पत्राच परत लावला असता, पण सकाळीच भंगारवाल्याला दिला. त्याने वजनकाट्यावर टाकला, काटा हललाच नाही. माझ्याकडे असं बघितलं, जसं मीच त्याला फसवतोय.

रिया : हे बघा, मनोज म्हणत होता, अ‍ॅपमधून आवाज सरळही करता येतो. एक बटन. मग बाबा पहिल्यापासून शेवटपर्यंत काळी दोन. टेम्पो येईपर्यंत होऊन जाईल.

कोंडू : नको.

रिया : अहो, पण तुमचं एकीकडे आणि बाबांचं एकीकडे जाईल. सगळं गाव बसलेलं असेल. लोक बाबांना हसतील काका, तुम्हाला नाही. नव्या चाव्यांचं मेंडोलिन बरोबरच वाटणार.

कोंडू : तेच म्हणतोय मी.

रिया : मग सरळ करू ना?

कोंडू : त्याला हात लावायचा न्हाय. जसा गायला तसा गाऊ दे.

रिया : मग नको लावूया. मी आधीच म्हटलं होतं, एकटे नाही गाणार ते.

कोंडू : राकेश, वाजवता वाजवता ह्या चाव्या फिरतील?

राकेश : फिरतील, मऊ आहेत. पण तुमचे दोन्ही हात अडकलेले असणार.

कोंडू : तुझे?

राकेश : माझे रविवारी मोकळेच असतात. म्हणजे मी स्टेजवर तुमच्या शेजारी बसायचं आणि आख्ख्या गावासमोर नवीन मेंडोलिन बिघडवायचं.

कोंडू : बिघडवायचं न्हाय. उतरवायचं. सगळ्या तारा बरोबरीनं, जरा जरा. कडव्यांच्या मधी राघोला सांगू ढोलकी लांबव. तेवढ्यात व्हतंय.

राकेश : आणि कुणी विचारलं, हा कोण, तर? गायक अनंता, मेंडोलिन कोंडू, ढोलकी राघो आणि राकेश, उतारी.

रिया : बॅनरवर जागा नाही तुला.

राकेश : नशीब. हार वाचला.

रिया : काका, हे जमेल? एकदाही करून बघितलेलं नाही.

कोंडू : तो इतकी वर्षं काय करून बघत व्हता? लाव. पहिल्यापासनं.

रिया : लावते.

राकेश : हात कुठे ठेवू?

कोंडू : वरच्या जाड तारांच्या चाव्यांवर. दाबू नको, नुसता ठेव. माझी मान हलली की फिरव.

रिया : टेम्पोवाला हॉर्न देतोय.

कोंडू : देऊ दे.

राकेश : पहिलं कडवं संपलं बाबा. फिरवू?

कोंडू : थांब. त्याला आधी उतरू दे.