राक्षस मेल्यानंतरचं पान

...नाही, मेला तर मेला, पण दर आठवड्याला मरायचं म्हणजे काय? तुम्हाला सांगतो, सोमवारी एक मेला, बुधवारी एक मेली... हो, राक्षसीण, लेखकाने तेवढाच काय तो बदल केलेला... आणि शुक्रवारी तर जुळे, दोघेही एकाच पानावर! मी प्रकाशकाकडे हस्तलिखितं वाचायला असतो. एकोणीस वर्षं झाली. आलेलं बाड वाचायचं आणि छापा नाहीतर परत पाठवा एवढं सांगायचं. आमच्याकडे येतात त्या अद्भुत कादंबऱ्या, तलवारी, ड्रॅगन, पहिल्या पानावर नकाशा. आणि सुरुवात? सगळ्यांची एकच! आधी काहीच नव्हतं. मग एकीकडे बर्फ, एकीकडे आग, मधे पोकळी. बर्फ वितळतो, राक्षस निघतो, तिघे भाऊ येऊन त्याला मारतात. रक्ताचा समुद्र, हाडांचे डोंगर, केसांची झाडं, कवटीचं आभाळ. राक्षस मेला, की जग तयार!

आता ही गोष्ट मुळात नॉर्स लोकांची, पार उत्तरेकडच्या जुन्या लोकांची. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही हं. बिचारे थंडीत कुडकुडत बसलेले, दाराबाहेर बर्फच बर्फ, तर त्यांना त्यातूनच जग सुचणार. आणि सुचलंय काय झकास! एक गाय आहे, ती खारट बर्फ चाटत बसते, आणि तीन दिवसांत चाटून चाटून आतून देवांचा आजोबा बाहेर काढते. राक्षसाच्या मेंदूचे ढग आहेत. भुवयांचं कुंपण आहे... भुवयांचं! पण त्यांनी ती सांगितली आणि ते मोकळे झाले. आमचे लेखक पंख्याखाली घाम पुसत लिहितात, 'त्या आदिम हिमगर्भात...' एकाला मी फोनवर विचारलं, का हो, जग दुसऱ्या कशापासून होतच नाही का? तर नाकातून म्हणतो, "सर, माझा राक्षस वेगळा आहे. त्याला शेपूट आहे." बरं, त्या शेपटीचं काय केलंत? "सर, द्वीपकल्प."

मी थकलो हो. शेवटी स्वतःपुरता एक नियम केला. ज्या पानावर राक्षस मरेल, तिथे वाचन बंद. खुणेची चिठ्ठी घालायची, परतीचं पत्र टाइप करायचं आणि चहा मागवायचा. मालक खूश, टेबल रिकामं. पत्रही ठरलेलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा फार अभिमान होता. 'आपला राक्षस आमच्या इतर चारशे राक्षसांप्रमाणेच निधन पावला आहे. आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत. हस्तलिखित सोबत परत.' खाली माझी झोकदार सही!

गेल्या महिन्यात असंच एक बाड आलं. सहाशे पानं, लेखिकेचं नाव अनोळखी. तिसऱ्या पानावर तिघे भाऊ आले, वार झाला, राक्षस आडवा. हाडांचे डोंगर! घातली चिठ्ठी, केली सही, मागवला चहा.

आणि चार दिवसांनी घरात मुलीने माझ्याशी बोलणं टाकलं. जेवताना 'मीठ द्या', बस. मी म्हटलं, नोकरीत काही बिनसलं असेल. आठ दिवस गेले. मग बायकोने भाजी निवडता निवडता, मान वर न करता सांगितलं, "चार वर्षं लिहीत होती ती. तुमच्या वशिल्याने छापली असं कुणी म्हणू नये म्हणून टोपणनावाने, मैत्रिणीच्या पत्त्यावरून पाठवली. तुम्ही म्हणे दुःखात सहभागी झालात."

आता माणसाचा स्वभाव बघा, मी म्हणतो, "अगं, पण तिने राक्षस कशाला मारला?"

"चौथं पान वाचलंत?"

चौथं पान! नियम केल्यापासून मी कुठल्याच राक्षसाचं पुढचं पान वाचलं नव्हतं! बायकोकडून परत आलेलं बाड मागून घेतलं. रविवारी सकाळी बसलो तो दिवे लागेपर्यंत उठलो नाही. तिचा राक्षस मेलेलाच नव्हता. मार खाऊन आडवा पडलेला, इतकंच. अंगावर गावं वसलेली, नद्या वाहताहेत, लोक म्हणताहेत हा मेला आणि आपलं जग झालं. आणि तो जागा. पाठीला रग लागलेली, पण कूस बदलत नाही, का तर पोरं लवंडतील. सहाशे पानं तो नुसता पडून कुरकुर करतो. आणि ती कुरकुर... तुम्हाला सांगतो, शब्द न् शब्द ओळखीचा! मी चष्मा काढून पुसत बसलो.

मग गेलो तिच्या खोलीच्या दारात. म्हटलं, बाळ, चुकलो. खूप सुंदर लिहिलंयस. परत पाठव, उद्याच मालकाशी बोलतो.

म्हणाली, "बाबा, तेव्हाच दुसऱ्या प्रकाशकाकडेही पाठवली होती. त्यांनी घेतली, काल पत्र आलं."

मला आनंद झाला, आणि वाईटही तेवढंच वाटलं. विचारलं, काही दुरुस्त्या सांगितल्या?

"एकच. राक्षस फार कुरकुर करतो, जरा कमी करा म्हणे."

"मग? करणार?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. "कळवलं त्यांना, गेली सव्वीस वर्षं मी आणि आई प्रयत्न करतोय, कमी होत नाही."