डोळे मिटून ठेवलेलं बोट

(जवाहरनगरमधलं कारखान्याचं क्वार्टर, १९८७. वासुदेवराव, त्यांची बायको शकुनबाई आणि दहावीतली मुलगी चंद्रकांता.)

चंद्रकांता: पेपर नाही मिळणार! आधी तो फंडाचा अर्ज माझ्या हातात द्या, बाबा.

वासुदेवराव: काहून? भाव तर पाहू दे. आपला सिमेंटवाला शेअर किती झाला?

चंद्रकांता: अजून उतरला. अर्ध्यावर आला. आता तुम्ही म्हणाल, सस्ता झाला, फंडातून पैसे काढून अजून घेऊ!

वासुदेवराव: बराबरच आहे. वांगे सस्ते झाले तर तुयी माय दोन किलो जास्त घेते का नाई?

शकुनबाई: घेते. पण किडके नाई घेत.

वासुदेवराव: तू चूप बस व.

शकुनबाई: चूपच तर बसली. प्लॉटसाठी ठेवलेले पैसे शेअर बाजारात नेले, तेव्हाही चूप बसली.

चंद्रकांता: पुढच्या वर्षी तुम्ही रिटायर. क्वार्टर सोडा लागन. फंडही गेला तर आपण जायचं कुठं?

वासुदेवराव: भंडाऱ्याच्या घरात! पुढं तू जाशीन त्या कॉलेजजवळ प्लॉट पाहून ठेवला मी. भाव वापस येऊ दे फक्त.

चंद्रकांता: नागपूरचे भैय्याजी दलाल काय म्हणाले होते? मी होती ना सोबत. ‘घेतानाच ठरवून ठेवा, कुठवर उतरला तर विकाल. मंग डोकं ठिकाणावर राहत नाई.’ तुम्ही ठरवलं होतं, बाबा. तो भाव दिवाळीतच गेला!

वासुदेवराव: तेव्हा मन नाई झालं.

चंद्रकांता: तुमच्या सेक्शनमधल्या सुखरामकाकांचं कसं झालं? हाच शेअर, एकाच दिवशी घेतलेला. विकून मोकळे झाले ते.

वासुदेवराव: सुखराम विकू शकते. ते बोट त्याच्या पोरीचं नव्हतं.

चंद्रकांता: कोणतं बोट?

वासुदेवराव: तुयं. कोणता शेअर घ्यावा म्हणून डोळे मिटून पेपरवर ठेवलं होतं तूनं. पाहता पाहता दुप्पट झाला. अख्ख्या सेक्शनले पेढे वाटले मी. माया पोरीचा हातगुण आहे म्हणून सबन लोकायले सांगितलं. आता त्याच तोंडानं काय सांगू? का पोरीच्या हातानं बुडलो?

शकुनबाई: अगो माय! म्हणून धरून बसले तुमी?

वासुदेवराव: विकला म्हणजे तसंच झालं ना.

चंद्रकांता: बाबा, मी गणितात नापास झाली तर मला घराबाहेर काढाल?

वासुदेवराव: कायबी बोलतं!

चंद्रकांता: आणि शाळेत पहिली आली तर? भात जास्त वाढाल?

वासुदेवराव: पोरगी आहेस तू माई.

चंद्रकांता: मी आहे ना. तो शेअर नाही.

वासुदेवराव: विकला तर भंडाऱ्याचं घर गेलं, चंदे. उरलेल्या पैशात लाखांदूरच्या आपल्या जुन्या घराची पडकी भिंत तेवढी उभी होईन. रोज पेपर उघडतो, आज वर येईन म्हणतो. तोवर वाटते, आपलं भंडाऱ्यात घर आहे.

चंद्रकांता: मलाही वाटते.

वासुदेवराव: मंग?

चंद्रकांता: तरी विका. ती भिंत तरी उभी राहू द्या.

शकुनबाई: पोरी, काय म्हणून राहिली ते समजते का तुले?

चंद्रकांता: समजते, आई.

वासुदेवराव: आण ते विक्रीचे कागद. सही कुठं करू?

चंद्रकांता: इथं. थांबा, थांबा! पेन नीट धरा. सही जुळली नाही तर कंपनी कागद वापस पाठवते. आधी पाणी प्या.

वासुदेवराव: नोको पाणी. थोडं बसू दे फक्त.

शकुनबाई: बसा. कोणी घाई नाई करून राहिलं.

वासुदेवराव: ...हं. झाली. पाह्य बरं.

चंद्रकांता: जुळली.

वासुदेवराव: लाखांदूरहून रोज कॉलेजले या लागन तुले, एसटीनं. किती दूर पडते, मालूम आहे?

चंद्रकांता: मालूम आहे. गाडी तिथूनच सुटते ना, बाबा. बसायला जागा मिळेल.