तिला उभं राहावं लागू नये म्हणून

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायचा त्या डॉक्टरबाई, त्यांच्या मातोश्री आणि समोर बसलेल्या माझ्या माणसांनो,

अध्यक्षसाहेब, गुडघा आज काय म्हणतोय? खजिनदार, खोकला उतरला का? मातोश्री, प्रवासात कंबर धरली नाही ना? बाई, तुम्हाला विचारत नाही. तुम्ही ‘बरी आहे, काका’ म्हणणार आणि डोळे भलतंच सांगणार.

मी पडलो या प्राण्यांच्या निवाऱ्याचा स्वयंपाकी. जनावरांना काय वाढायचं ते कळतं, सभेला काय वाढायचं ते नाही. सांभाळून घ्या.

आपली ती बिबट्याची मादी हमरस्त्यावरच्या एका हॉटेलामागे होती. भटारखान्याच्या धुराड्याखाली पिंजरा, बुडाला पत्रा, पत्र्यावर तेलाचा राप. गिऱ्हाइकाने टाळी वाजवली की हिने मागच्या पायांवर उभं राहायचं, मग कोंबडीचं एक हाड मिळायचं. पाय पार वाकले होते. मालक म्हणाला, “बाई, चहा घ्या आणि निघा. खूश आहे ती, बघा कशी नाचते.”

बाईंनी चहा घेतला नाही आणि त्या निघाल्याही नाहीत. कोर्टकचेऱ्या करून तिला इथे आणली.

आणि आपण काय केलं? दार उघडलं, तिने गवतावर पाय ठेवला आणि आनंदाच्या भरात आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती उभी राहिली. कंबरेत काहीतरी मोडलं, तो आवाज मला अजून जेवताना ऐकू येतो.

तेव्हापासून माणूस दिसला की ती उठायला बघते. म्हणून बाईंचा नियम, समोर कोणी जायचं नाही. मी मांस भिंतीवरून टाकतो, औषध त्यातच. बाई आवाराच्या दाराला ठोकलेल्या पत्र्याच्या फटीतून बघतात. जिने वाचवलं तिचं तोंड त्या जिवाने पुन्हा पाहिलेलं नाही. काल मी म्हटलं, “अहो, जाताना एकदा तरी समोर जाऊन या.”

“मी गेले तर ती उठेल, काका. बसली आहे तशी बसू दे.”

आता बाईंची बदली झाली. जागेवर कोणी नेमलेलं नाही. कंबर सांधत नाही. परवापासून तिने मांसाला तोंड लावलेलं नाही, टाकलेलं सगळं मुंग्या खातात. आज सकाळीही तेच. निरोपाच्या भाषणात हे बोलू नये म्हणतात. मग कुठे बोलू? अध्यक्षसाहेब, मी तुमच्यापुढे पदर पसरला असता, पण मला पदर नाही, हा कळकट पंचा आहे. दुसरा डॉक्टर मिळवून द्या.

बाई, तुमच्यासाठी हा हॉल दणाणायला हवा होता. पण तिचं आवार या भिंतीपलीकडे आहे. तेव्हा मंडळी, कृपा करून कोणी टाळी वाजवू नये. हात मांडीवर ठेवून गप्प बसा, बाईंना पोचेल.

आपण ऐकून घेतलंत, उपकार झाले. जीभ घसरली असेल तिथे म्हाताऱ्याची चूक पोटात घाला. आणि बाई, फोनवर माझं धड बोलणं होत नाही, म्हणून लिहाच. पोचल्याची खुशाली नंतर कळवा, आधी एवढं सांगा: ती अशीच न खाता पडून राहिली, तर मी एकदा भिंतीवरून डोकावू की नको? लवकर लिहा.