अर्शीच्या गळ्यावरची पावडर

मी जन्नतबी भ्र. पाशामियाँ शेख, वय ५८ वर्षे, व्यवसाय शिवणकाम, रा. जळकोट, जि. लातूर. पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की,

मी मुलगा व नात सादिया यांच्यासह राहते. आमच्या समाजातील बाई वारली की दफनापूर्वी तिला गुस्ल देण्यास, म्हणजे अंग धुण्यास, मला बोलावतात. हे काम मी पुण्य म्हणून करते.

मागील सोमवारी सकाळी आमच्या गल्लीतील यासेर याची बायको अर्शी, वय २२, न्हाणीत घसरून मेली असे सांगून मला बोलावणे आले. पडद्याआड मी व तिची सासू दोघीच होतो. पाणी ओतताना अर्शीच्या गळ्यावर निळे वळ दिसले. एका बाजूस चार बोटे, दुसऱ्या बाजूस अंगठा. न्हाणीच्या फरशीला बोटे नसतात. मी सासूकडे पाहिले.

ती गुलाबाच्या वासाची पावडर घेऊन आली व म्हणाली, "जन्नत आपा, गले पे लगाव. मय्यत अच्छी दिखना." मी म्हणाले, "मैं नै लगाती." तेव्हा तिने स्वतः थापली. ओल्या कातडीवर लगदा झाला, तो बोटाने सारखा केला. हाताला उरलेली पावडर तिने आपल्याच गालांना पुसली, कारण बाहेर जमलेल्या बायकांपुढे जायचे होते. करून सवरून नामानिराळी राहणारी माणसे मी पुष्कळ पाहिली, पण अशी किळस कधी आली नव्हती. त्याच दिवशी दफन झाले. डॉक्टरला कोणी दाखवले नाही.

साहेबांनी विचारले, इतक्या मयती धुतल्या, मग हीच एवढी कशी आठवते? मयती मी लक्षात ठेवत नाही. ठेवल्या तर घास उतरणार नाही. अर्शीच्या अंगावर कोणते कपडे होते, मला बोलवायला कोण आले, हे सांगता येणार नाही. तिचा चेहराही आठवत नाही, याची शरम वाटते. गळा मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. काल सादियाने शाळेला जाताना तसलीच पावडर लावली, तर वासासरशी मी मोरीत ओकले. ओकताना मला सासूचे पांढरे गाल दिसले.

अर्शीचे वडील गुलाम रसूल, रा. कंधार, यांनी तक्रार दिल्याचे कळताच तिची सासू माझ्या घरी आली. म्हणाली, "आपा, मय्यत का ऐब ढाँकना सवाब है." मयतीच्या अंगावरचा ऐब, म्हणजे व्यंग, झाकणे पुण्याचे, ही आमची रीत खरीच आहे आणि मी ती आजवर पाळली. पण हा ऐब अर्शीचा नाही, ज्याची बोटे आहेत त्याचा आहे. वळ पाहिलेली, घराबाहेरची मी एकटीच. मी गप्प बसले तर पोर घसरूनच मेली असे ठरेल. म्हणून आले.

जबाब मला वाचून दाखविला. त्यात 'सासूने मयतास पावडर लावली' असे होते. मी म्हणाले, ते खोडा. पावडर लेकरांना लावतात. तिने वळांवर थापली, तसे लिहा. तसे लिहून पुन्हा ऐकवले, आता माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.