बाईंनी न केलेली दुरुस्ती

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, ज्यांनी माझी हस्तलिखितं आणि माझे उशीर दोन्ही सोसले त्या आमच्या प्रकाशिका, छपाई आणि बांधणी खात्यातले सर्व सहकारी, आवर्जून आलेले वाचक, तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसलेले बाईंचे यजमान, आणि ज्यांच्यासाठी हे सभागृह आज भरलं आहे त्या आपल्या सर्वांच्या बाई, आपणा सर्वांना माझा मनःपूर्वक नमस्कार.

मला दहा मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालकांनी ते कानात दोनदा सांगितलं, म्हणजे माझी कीर्ती त्यांच्यापर्यंत पोचलेली दिसते. घरून मी एक नीटस भाषण लिहून आणलं होतं. त्यात 'अक्षरांची राखण' वगैरे शब्द होते. ते खिशातच राहू दे. सकाळपासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. मघाशी पाहुणे बोलत असताना मी तीनदा उठून पाणी प्यायलो, ते तुम्ही पाहिलंच असेल. तहान कुणाला लागली होती?

बाई ह्या संस्थेत एकतीस वर्षं मुद्रितशोधक होत्या, आज निवृत्त होताहेत. माझ्या त्या कादंबरीमालिकेचे आठही भाग त्यांनी तपासले. वाचकांना ती ठाऊक आहे, पण छपाईखात्यातले काही जण अजून 'वाचू कधीतरी' म्हणतात, त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या काळातली एक भूमापक बाई बंद पडलेल्या बोगद्यात शिरते आणि दीडशे वर्षं मागे निघते. तिथं तिला एक पाथरवट भेटतो. तिसऱ्या भागाच्या शेवटी बोगदा ढासळतो. ती इकडे, तो तिकडे, आणि मध्ये अठरा वर्षांची ताटातूट.

ह्या अठरा वर्षांनी मला लेखक केलं. रोज पत्रं यायची. 'तो दुसऱ्या कुणाकडे बघत नाही ना?' मी छाती फुगवून उत्तर द्यायचो, नाही, माझा नायक तसला नव्हे. चौथ्या भागात मी लिहूनच टाकलं : 'अठरा वर्षांत त्याच्या मनाला दुसऱ्या स्त्रीची सावलीही शिवली नाही.' प्रुफं परत आली तेव्हा ह्या वाक्यासमोर समासात शिसपेन्सिलीनं एक बारीकसं प्रश्नचिन्ह होतं.

बाईंची शिस्त तुम्हाला माहीत आहे. मजकुरात हात घालायचा नाही. म्हणून मी तडक जिना चढून त्यांच्या खोलीत गेलो. एक टेबल, एक खिडकी, कोशांची चळत, आणि मान खाली घालून बसलेल्या बाई.

"ऱ्हस्वदीर्घ चुकलंय का?"

"नाही."

"मग हे काय?"

त्यांनी चष्मा काढला. "अठरा वर्षांत तो एकदाही आजारी पडला नाही का हो? ताप आला असेल, तेव्हा पाणी कुणी दिलं?"

मी हसलो. म्हणालो, "बाई, ही प्रेमकथा आहे, दवाखान्याचा केसपेपर नाही." त्यांनी खोडरबर घेतलं आणि ते चिन्ह पुसून टाकलं. वाक्य तसंच छापलं गेलं.

खाली आल्यावर यंत्रावरच्या काकांनी मला बाजूला घेतलं. "तुम्हाला ठाऊक नाही वाटतं? बाईंचे यजमान जहाजावर फिटर आहेत. तिकडे लढाई पेटली, जहाज बंदरात अडकलं. नऊ वर्षं झाली. पहिली दोन वर्षं पत्रं आली, मग काहीच नाही."

मला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं.

आणखीही काही पुढे कळलं. सातव्या वर्षी थोरले दीर एक कागद घेऊन आले होते. भाऊ हयात नाही असं जाहीर करून घ्यायचा अर्ज. माणूस वाईट नव्हता, वहिनीची काळजी होती म्हणूनच आला. अंथरुणाला खिळलेली सासू आणि शाळेत जाणारी मुलगी तिनं एकटीनं किती दिवस ओढायची? बाईंनी अर्ज शांतपणे वाचला, त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका सुधारल्या आणि सही न करता परत दिला. हसा, मीही हसलो होतो. पण तो अर्ज हातात धरून वाचताना त्या बाईचं काय झालं असेल?

अकराव्या वर्षी यजमान परत आले. छापखान्यात पेढे वाटायचंच काय ते बाकी होतं, इतका सगळ्यांना आनंद. बाई दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर हजर. आम्ही म्हटलं, काय हा निग्रह!

दोनेक महिन्यांनी, भर दुपारी, त्या माझ्या घरी आल्या. त्या कधीच कुणाच्या घरी जात नसत. खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "पाचव्या भागात ते दोघं भेटतात ना? भेटल्यावर तो तिला काय सांगतो?"

"सांगण्यासारखं काही नाहीच. तो वाट बघत होता."

"आणि असलं तर?"

मग त्यांनी सांगितलं. परत आल्यावर तिसऱ्याच दिवशी, त्या पोळ्या करत असताना, यजमान स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि कुणी न विचारता बोलले. तिकडे फुप्फुसाच्या आजारानं ते मरायला टेकले होते. कपडे धुण्याची लाँड्री चालवणाऱ्या एका बाईनं त्यांना घरी नेलं, वाचवलं. त्यानंतर चार वर्षं ते तिच्याबरोबर राहिले. नवरा-बायकोसारखे.

"तुम्ही लिहिता," बाई मला म्हणाल्या, "तर सांगा, ही बायको आता काय करते?"

अध्यक्ष महोदय, प्रेमावर तीन हजार पानं लिहिलेला मी माणूस. माझ्या तोंडून काय निघावं? "ती क्षमा करते."

बाई उठल्या. पदर सारखा केला आणि दारातून विचारलं, "किती पानांत?"

(पाणी आहे ना अजून? आभारी आहे.)

पुढचे सात महिने त्या घरात कामापुरतं बोलणं होतं. यजमान बाहेरच्या खोलीत, बाई आत. मुलगी दोघांच्यामध्ये निरोप पोचवायची : 'आई म्हणते पान वाढलंय.' 'बाबा म्हणतात भूक नाही.' मग एका रविवारी बाईंनी एकच प्रश्न विचारला. "तुम्ही सुखरूप पोचलात, हे तिला कळवलंत का?"

यजमान म्हणाले, "नाही. कसं कळवणार? तुझ्या घरात बसून?"

आणि तेव्हा बाई चिडल्या. पहिल्यांदा, मनापासून, शेजारी ऐकू जाईल अशा. लाँड्रीवालीबरोबर राहिले म्हणून नव्हे. "नऊ वर्षं मी पोस्टमनच्या सायकलकडे बघत होते. जिवंत आहात की नाही एवढंच हवं होतं मला. आता दुसऱ्या एका बाईला तेच भोगायला लावताय? तिनं तर तुम्हाला मरणातून ओढून काढलं!" त्यांनी टेबल पुसलं, कागद ठेवला आणि नवऱ्याला समोर बसवलं. पत्र लिहून झाल्यावर ते वाचलं, आणि पोस्टाच्या पेटीत स्वतः टाकलं. त्या संध्याकाळी दोघं एकत्र जेवले.

निष्ठा म्हणजे काय, असं मला अजून मुलाखतींत विचारतात. मी लांबलचक उत्तरं देतो. त्यांतलं एकही त्या रविवारच्या जवळपास जात नाही.

आता जे बोलायला मी उभा आहे ते. हे सगळं बाईंनी मला भरवशानं सांगितलं होतं, आणि मी ते पाचव्या भागात लिहिलं. न विचारता. लाँड्रीच्या जागी चुन्याची भट्टी घातली, आजार बदलला, बाकी सगळं तेच. चौतीस पानं. लोकांनी ती डोक्यावर घेतली, पारितोषिक मिळालं, ह्याच सभागृहात माझ्या गळ्यात हार पडला. आणि ती प्रुफं कुणी तपासली? बाईंनीच. मी आठ दिवस जीव मुठीत धरून बसलो होतो. प्रुफं आली. चौतीस पानांत एकही खूण नाही. शिसपेन्सिलीचा एक ठिपकासुद्धा नाही. मी त्या कोऱ्या समासांकडे बघत राहिलो, आणि नऊ वर्षं झाली, अजून बघतो आहे.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, हे समारंभात सांगू का?

"तेव्हा नाही विचारलंत," बाई म्हणाल्या, "आता विचारताय?"

आतून यजमानांचा आवाज आला, "सांगू दे गं. लपवायचं असतं तर मी तिसऱ्या दिवशी बोललोच नसतो."

बाईंनी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "सांगा. पण एक चूक आहे, ती दुरुस्त करून सांगा. तुमची नायिका ते पत्र वाचून रडते. मी रडले नाही. मला हेवा वाटला. मला आलेल्या पत्रांत ह्यांचं सगळं 'क्षेम, काळजी नसावी' असं असायचं. तिला लिहिलं होतं, 'ओले कपडे उचलताना तुझा खांदा दुखतो, तो जप.' मी पाकीट चिकटवलं, ते मुठीनं दाबून. रागानं."

"मग प्रुफात खूण का नाही केलीत?"

"हात उचलला होता," त्या म्हणाल्या. "मग वाटलं, निदान पुस्तकात तरी ती रडू दे. तिला बरं वाटेल."

नव्या आवृत्तीत ती रडणार नाही. मी ते पान बदललं आहे. प्रकाशिकाबाईंना हे आत्ताच कळतंय, त्यांनी मला नंतर बोलावं.

मित्रहो, संयोजकांनी मला इथं उभं राहू दिलं, तुम्ही इतकं शांतपणे ऐकलंत, यजमानांनी मोकळ्या मनानं होकार दिला, ह्या सर्वांचा मी ऋणी आहे. दहा मिनिटांची मर्यादा मोडली, समारंभाच्या रीतीत न बसणारं बोललो. अध्यक्ष महोदयांनी आणि तुम्ही ते पोटात घालावं.

बाई, तुमच्याकडे मात्र मी माफी तशी सहज मागणार नाही. तुमची परवानगी न घेता तुमचं आयुष्य छापलं, ही माझी चूक आहे, आणि ती मी इथं सर्वांसमोर मान्य करतो. माफ करायचं की नाही, ते तुम्ही सावकाश ठरवा. मी वाट बघेन.